पाशाच्या घरचं पाणी

गाडीत बसलं की मी आधी काच वर करते, पट्टा नंतर. उन्हाळा असो, श्टाऊमध्ये गाड्या कितीही वेळ अडकून पडोत, माझी काच वर. माझा मुलगा अजित साठीला टेकला, म्युनिकमध्ये मोटारींच्याच धंद्यात त्याचा जन्म गेला, तरी दर वेळी म्हणतो, "आई, ही ऑटोबान आहे. इथे सिंह नाहीत." मी म्हणते, "नसू देत." ही सवय मला ब्रुनो टिलमान नावाच्या माणसाने लावली, आणि त्यांनी लावलेली सवय मोडायची माझी अजून छाती होत नाही.

आखनपासून बसने तासाभरावर, ड्युसेलडॉर्फच्या बाजूला, जंगली प्राण्यांचं एक पार्क होतं. होतं म्हणजे आता नाही. मध्यंतरी हट्टाने अजितला गाडी तिकडे वळवायला लावली, तर पत्र्याची गोदामं, ट्रकची ये-जा, आणि सिंह ज्याच्या सावलीत पडायचे त्या ओकच्या झाडाखाली एक ड्रायव्हर निवांत सिगरेट ओढत उभा. म्हटलं, बाबा रे, तुला कल्पना नाही तू कुणाच्या बैठकीत उभा आहेस!

साठच्या दशकाच्या शेवटी तिथे रविवारी गाड्यांची रांग लागायची. लोकांनी आपापल्या गाडीत बसून सिंहांच्या कुरणातून हळूहळू जायचं. सिंह मोकळे, माणसं बंद. तेव्हा ही कल्पना अगदी नवी होती. बेल्जियम-हॉलंडहून लोक यायचे, आणि ब्रिटिश सैनिकांची बायकापोरं तर बसगाड्या भरभरून. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारं कुणीतरी पार्कला हवं होतं. आमचे हे आखनला पोलादावर डॉक्टरेट करत होते, आणि मी सांगलीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, एका खोलीच्या घरात बसून बसून कावलेली. अर्ज केला, नोकरी लागली. बसमध्ये माइक घेऊन उभं राहायचं आणि सिंह दाखवायचे. ह्यांनी घरी कळवलं, सुमनला एका पार्कमध्ये काम मिळालंय. सासूबाई सांगलीभर सांगत सुटल्या, सूनबाई बागेत असते, फुलझाडांचं बघते. मी कशाला खोडून काढू? गुलाब काय, सिंह काय, वेळेवर घातलं म्हणजे झालं.

टिलमान सिंहांच्या विभागाचे मुख्य होते. उंचीला बेताचे, छाती पुढे, केसांना बर्चच्या सालीचं सुगंधी तेल चोपून लावलेलं, बूट असे चकचकीत की सिंहिणीने वाकून भांग पाडावा. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. आयुष्य सर्कशीत गेलेलं. सर्कस बंद पडली, तंबू, गाड्या, घोडे विकले गेले, तेव्हा एक सिंह आणि हे गृहस्थ असे दोघे या पार्कात आले. राहायलाही सर्कशीतलीच चाकांची खोली, पार्कच्या मागच्या बाजूला उभी केलेली. खिडकीला लेसचे पडदे.

कुणी टाळी वाजवली की हे वाकून नमस्कार करायचे. त्यांच्यासाठी वाजवलेली असायची गरज नव्हती. पोरांच्या वाढदिवसाची टाळी असो, की कॅंटीनमध्ये कुणी माशी मारलेली असो, टाळीचा आवाज झाला की टिलमान उजवा हात पोटाशी धरून वाकलेच. आम्ही मुद्दाम वाजवायचो. त्यांना कळायचं की आम्ही गंमत करतोय, तरी वाकायचे. "टाळी ती टाळी, फ्राऊ साठे," म्हणायचे. "परत करता येत नाही."

उजव्या हाताची करंगळी नव्हती. पाहुणे हटकून तिच्याकडे बघायचे आणि हटकून विचारायचे, सिंहाने घेतली का हो? टिलमान काही बोलायचे नाहीत, फक्त कुरणाकडे एक लांब नजर टाकायचे. झालं! बायका हाय खायच्या, पुरुष आपापल्या करंगळ्या तपासायचे. मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "ब्रेड कापायच्या मशीनने. सर्कशीच्या स्वयंपाकघरात. चूक माझीच होती." मी म्हटलं, मग लोकांना का फसवता? तर म्हणे, "मी कुठे काही बोलतो? आणि लोक तिकीट काढून, पोरंबाळं घेऊन येतात, त्यांना काय ब्रेडच्या मशीनची गोष्ट सांगू?"

पण एका बाबतीत हा माणूस मस्करी जाणत नव्हता. काच. कुरणाला एकामागे एक असे दोन दरवाजे होते. पहिल्यातून गाडी आत घ्यायची, तो लावायचा, मग दुसरा उघडायचा. मधल्या जागेत टिलमान प्रत्येक गाडीपाशी येऊन बघायचे. बोटभर जरी काच खाली असली तरी चार बोटांचा हात पसरून, तळवा आभाळाकडे करून वर उचलायचे आणि म्हणायचे, "होख!" म्हणजे वर. बाकी सगळ्यांना 'कृपया' आणि 'मेहेरबानी करून'. इथे नुसतं होख.

एकदा खुद्द डिरेक्टर साहेब चार बडे पाहुणे घेऊन आले. साहेबांचा सिगार पेटलेला, म्हणून काच इंचभर खाली. टिलमाननी हात वर केला. साहेब म्हणाले, "टिलमान, मी आहे." टिलमान म्हणाले, "हो, दिसतंय. होख." साहेब म्हणाले, धूर होतो. टिलमाननी शांतपणे दरवाज्याची किल्ली खिशात घातली, मधल्या जागेतल्या बाकावर बसले आणि नवी पेपरमिंट तोंडात टाकली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मी मागच्या बसमध्ये माइक हातात धरून उभी. माझ्या ब्रिटिश बायकांना मी सांगितलं, "लेडीज, हा या पार्कातला सगळ्यात धोकादायक प्राणी." शेवटी सिगार विझला, काच वर गेली, दरवाजा उघडला. आतून साहेबांचा लालबुंद चेहरा आमच्याकडे बघत पुढे गेला. आम्ही बसमधून टाळ्या वाजवल्या आणि टिलमान वाकले.

आता पाशाचं सांगते, कारण पाशाशिवाय टिलमान सांगताच येत नाहीत.

पाशा म्हणजे सर्कशीतून त्यांच्याबरोबर आलेला तो सिंह. आईने जन्मतः टाकलेला. ऐन हिवाळा, सर्कशीचा मुक्काम कुठेतरी बर्फात, आणि टिलमाननी ते पिल्लू आपल्या कोटाच्या आत घालून, बाटलीने दूध पाजून वाढवलं. मोठा झाल्यावर आगीच्या कड्यातून उडी मारायला शिकला, स्टुलावर बसायला शिकला, पण सिंह व्हायला काही कुणी शिकवलं नव्हतं. पार्कात आफ्रिकेतून आणलेल्या सिंहिणी होत्या. त्यांची म्होरकी बेर्टा, एका कानाचा तुकडा उडालेली, जबरदस्त बाई. पाशा त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. टिलमानची जीप आत आली की धावत यायचा, जीपला अंग घासायचा, ओकखाली जीप थांबली की दाराला टेकून पडायचा. टिलमान आत थर्मासातून कॉफी प्यायचे, पाशा बाहेर घोरायचा. जीप निघून गेली की दरवाज्यापाशी तोंड करून बसून राहायचा. मांससुद्धा पडल्या जागी पडून. बेर्टा येऊन त्याच्या वाटचं खाऊन जायची आणि वर एक फटका ठेवून द्यायची.

हे कौतुकाचंच वाटत होतं, पण एके दिवशी एका डच कुटुंबाची हिरवी गाडी आत गेली. आमची जीपही हिरवी. पाशाला वाटलं, आले! त्याने आनंदाने दोन्ही पंजे गाडीच्या बॉनेटवर टाकले आणि काचेतून आत डोकावला. मागच्या सीटवरची पोरं खूश होऊन किंचाळत होती आणि बाप पांढराफटक. त्या संध्याकाळी साहेबांनी टिलमानना बोलावलं. मी टायपिंगचे कागद द्यायला तिथेच गेले होते, सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, "बर्फ पडेपर्यंत तो इतर सिंहांसारखा राहिला तर ठीक. नाहीतर मला हे चालणार नाही. सर्कशीतला म्हातारा होत आलेला सिंह कुणी घेणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं." भिंतीवर बंदूक होती, तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

टिलमान म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे बरोबर, आणि बाहेर पडले. त्या दिवशी मी टाळी वाजवली असती तरी ते वाकले नसते.

आधी त्यांनी जाणं बंद करून पाहिलं. दुसऱ्या माणसाला जीप दिली आणि स्वतः खोलीत दडून बसले. पाशा दरवाज्यापाशीच बसला, खाणं सोडलं, आणि दिवसभर ओरडत राहिला. तो आवाज थेट तिकिटाच्या खिडकीपर्यंत यायचा. टिलमान परत आत गेले, तर अंगावर झेप घेतल्यासारखा जीपवर आदळला, आनंदाने! कॅंटीनमध्ये ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लपून उपयोग नाही. त्याने मला रोज बघावं, आणि तरी मी कुणीच नाही, असं व्हायला हवं. पण तो डोळ्यांनी कुठे बघतो! तो नाकाने बघतो."

एवढं बोलून त्यांचं लक्ष माझ्या डब्याकडे गेलं. लसणाची फोडणी दिलेली आमटी. कॅंटीनमधली बाकीची मंडळी माझा डबा उघडला की खुर्च्या सरकवायची, मला सवय होती. टिलमाननी वाकून वास घेतला आणि विचारलं, "फ्राऊ साठे, ती बंबाची गोष्ट काय होती?"

ही गोष्ट सगळ्या पार्काला माहीत होती. आदल्या हिवाळ्यात अजित झाला. माझी आई सांगलीला, सासूबाई सांगलीला, बाळंतीण इथे एकटी. मग आईने बोटीने पार्सल पाठवलं त्यातलं सगळं साहित्य काढून मी स्वतःच धुरी केली. जुन्या कढईत निखारे, त्यावर ओवा, लसणाच्या साली, वेखंड, हिंगाचा खडा. वर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची झबली-टोपडी. घरोघरी करतात तशीच. पण आखनच्या घरोघरी करत नाहीत ना! खिडकीतून धूर बाहेर गेला, घरमालकीण फ्राऊ एसर यांनी वर बघितलं आणि फोन केला. घंटा वाजवत लाल बंब दारात. हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी दार ढकलून आत आले, तर धुराच्या ढगात मी मांडी घालून बसलेली आणि मांडीवर बाळ मजेत पाय झाडतंय. त्यातला एक म्हणाला, "इथे नक्की कोण जळतंय?" फ्राऊ एसर त्यानंतर आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एकदा बाळाला घेतलं, त्याच्या झबल्याचा वास घेतला, आणि म्हणाल्या की आपल्या आजीच्या खोकल्याच्या औषधाला अस्साच वास यायचा. तेव्हापासून मी कामावर गेले की अजितला त्याच सांभाळायच्या.

टिलमान म्हणाले, "माझ्या जाकिटाला द्याल?"

मी हसायच्या बेतात होते. पण त्यांचा चेहरा बघितला.

आणि मग रोज सकाळी पार्कच्या मांसाच्या कोठीमागे आमची धुरी सुरू झाली. कढई माझी, निखारे कोठीतल्या शेगडीचे. जाकीट, टोपी, मोजे, सगळं टोपलीवर. टिलमान बाजूला टोपी नसलेल्या डोक्याने, एखाद्या मुंजीला आल्यासारखे गंभीर उभे. केसांचं तेल बंद. पेपरमिंट बंद, डबी खिशात, पण झाकण उघडायचं नाही. माझा हिंग संपत आला तसे स्वतः आपोथेकेत गेले. जर्मन लोक हिंगाला सैतानाची घाण म्हणतात आणि औषधाच्या दुकानात विकतात. दुकानदाराने विचारलं, कुठल्या जनावराला द्यायचाय? हे म्हणाले, "मला." वर पुडी आणून माझ्या हातात देताना म्हणतात कसे, "तुम्ही हे आमटीत घालता? धाडसी माणसं आहात."

पहिल्या दिवशी म्हणाले, जीपमध्ये तुम्हीही या. आवाज माझा नको, तुमचा हवा. तुमच्या भाषेत काहीही बोला, पण थांबू नका. मी म्हटलं, आणि त्याने काच फोडली तर? "काच वर आहे," ते म्हणाले. त्यांच्या मते तो विषय तिथे संपला.

गेले. जीप ओकखाली थांबली आणि पाशा धावत आला. एवढं मोठं डोकं माझ्या काचेला लागलं. दाराच्या फटीशी नाक लावून त्याने हुंगलं, आणि फाडकन शिंकला. मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा शिंकला. मग जीपभोवती फिरायला लागला. इकडून बघ, तिकडून बघ. टिलमान दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसलेले, पुतळा. पाशा त्यांच्या काचेशी आला आणि बारीक आवाजात कण्हला. तसा आवाज मी सिंहाचा कधी ऐकला नव्हता. जे तोंडाला आलं ते मी बोलत सुटले.

"अरे बाबा, जा ना तिकडे! बघ त्या बायका कशा बसल्यात तुझी वाट बघत. इथे काय ठेवलंय? सासरी रुळायचं तर सारखं माहेराच्या वाटेकडे बघून कसं चालेल, सांग बघू? मी नाही आले एवढ्या लांब? मला नाही आठवत माहेर? रोज आठवतं! पण आलं ना मला इथलं सगळं, घासायला, पुसायला, भांडायला? ती बेर्टा मारते, मारू दे. मोठी जाऊ आहे तुझी. चार दिवस मारेल, मग तीच जवळ घेईल. जा राजा. जा म्हणते ना!"

बोलता बोलता मी रडायला लागले होते. पाशा बराच वेळ उभा राहिला. मग दरवाज्याकडे गेला आणि नेहमीसारखा तोंड तिकडे करून बसला, आपला माणूस आज आलाच नाही अशा समजुतीने. आम्ही त्याच्याच शेजारून बाहेर पडलो.

बाहेर आल्यावर टिलमाननी विचारलं, तुम्ही त्याला काय सांगितलंत? मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. सासर काय, माहेर काय. मुलगी दिली की आईबापाने कसं मन घट्ट करायचं. आमच्याकडे तर मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, हे सांगितलं. टिलमाननी गाडी थांबवली.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही. मुलगी त्या घरची झाली. नातवंडाचं तोंड बघितलं की मग पितात."

"आणि तुमचे वडील?"

"आता अजित झालाय, तेव्हा प्यायला हरकत नाही. पण सांगलीहून आखनला पाणी प्यायला कोण येतंय, हेर टिलमान? त्यांना तिथला घाट उतरायला होत नाही."

त्यांनी पेपरमिंटची डबी काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून कुरणाच्या दरवाज्यापाशी जीप थांबली की टिलमान आपला थर्मास दरवाज्यावरच्या माणसाच्या हातात द्यायचे. "पाणी बाहेर," म्हणायचे. आत काहीही प्यायचे नाहीत, उन्हाळ्याच्या भर दुपारीसुद्धा. लोकांना वाटलं पोटाचा विकार झाला असेल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "इंडियातली पद्धत आहे," आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. पण मला कळत होतं, ही काही गंमत राहिलेली नाही. त्यांनी पाशाची पाठवणी केली होती.

उन्हाळा सरला. पाशाचं दरवाज्याशी बसणं हळूहळू कमी झालं. भूक कुणाला चुकली आहे? एकदा बेर्टाने मारलं तेव्हा त्यानेही एक ठेवून दिली, आणि त्या दिवशी दोघांनी एकाच ढिगातून खाल्लं. मी बसमध्ये माइकवर ही बातमी अशी काही सांगितली की ब्रिटिश बायकांनी टाळ्या वाजवल्या. पानं गळायच्या सुमाराला एके सकाळी टिलमानची जीप कुरणातून जात होती आणि पाशा समोरून आला. जीपच्या अगदी दाराजवळून गेला. हुंगलं नाही, बघितलं नाही, शेपटी हलवत सरळ बेर्टाकडे निघून गेला. मी मागच्या बसमधून बघितलं. बाहेर आल्यावर धावत गेले आणि म्हटलं, "हेर टिलमान, जिंकलात!"

"आल्झो, तर मग, गेला शेजारून," ते म्हणाले. "गेनाऊ."

जेवायला आले नाहीत. मी डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. पलंगाच्या कडेला बसले होते, जाकीट मांडीवर. म्हणाले, "त्याला आगीतून उडी मारायला शिकवलं तेव्हासुद्धा इतकं अवघड नव्हतं. तेव्हा उडी मारून तो माझ्याकडेच यायचा." मी म्हटलं, "रडायचं असेल तर रडा. मी काही कुणाला सांगत नाही." ते म्हणाले, "रडून झालंय. डब्यात काय आहे?" आणि पिठलं-भात सगळा खाल्ला, नाक पुसत.

बर्फ पडला त्या दिवशी साहेब आले. कुरणात सगळ्या सिंहिणी एकमेकींना चिकटून पडलेल्या आणि मधोमध पाशा, आयाळीवर बर्फ. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आल्झो, बरं तर. राहू दे." मी मोठ्याने टाळी वाजवली. टिलमान इतके खाली वाकले की टोपी बर्फात पडली.

पुढच्या वसंतात ह्यांची डॉक्टरेट झाली आणि म्युनिकला नोकरी लागली. मी पार्क सोडलं. जायच्या आदल्या रविवारी ह्यांना म्हटलं, "अहो, एकदा तरी पाहुणे म्हणून जाऊ." आमची जुनी, गोल पाठीची गाडी, मांडीवर अजित. दरवाज्यावरच्या माणसाने मला ओळखलं आणि काचेतूनच ओरडून सांगितलं, "बेर्टाला पिल्लं झालीत! आज पहिल्यांदा बाहेर काढलीत!"

गाडी आत गेली. हे एरवी कुठल्याही गोष्टीला न घाबरणारे, पण चाक घट्ट धरून बसले होते. ओकखाली सगळं कुटुंब पसरलेलं. बेर्टा आडवी, आणि पाशाच्या पाठीवर दोन पिल्लं चढून घसरत होती. तो डोळे मिटून सहन करत होता. थोड्या अंतरावर हिरवी जीप. आत टिलमान, ते धुरीचं जाकीट घातलेले.

त्यांनी आम्हाला बघितलं. मी अजितला उचलून काचेशी धरलं. त्यांनी मान हलवली, मग शेजारच्या सीटवरून काहीतरी उचललं. थर्मास! आज तो बाहेर ठेवला नव्हता. त्यांनी सावकाश झाकण काढलं, झाकणात ओतलं. कॉफी नव्हती, पाणी होतं, स्वच्छ दिसत होतं. झाकण पिल्लांच्या दिशेने थोडं उंच धरलं, मग माझ्या दिशेने, आणि घोट घोट करत सगळं प्यायले. पाशाने डोळे उघडून जीपकडे बघितलं, कुठल्याही गाडीकडे बघावं तसं, आणि पुन्हा मिटले. टिलमाननी उजवा हात पोटाशी धरला आणि चाकाला डोकं लागेपर्यंत वाकले.

मला काही दिसेना. हे म्हणत होते, "अगं, काय झालं? रडतेस काय?" मला टिलमानना काहीतरी सांगायचं होतं. काय ते मलाही ठाऊक नव्हतं, पण ओरडून सांगायचं होतं. मी काचेचा दांडा धरला आणि फिरवला. काच बोटभर खाली आली.

समोरच्या जीपमध्ये चार बोटांचा हात वर झाला. तळवा आभाळाकडे. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र स्पष्ट म्हणत होतं, होख.

मी काच वर केली.